डॉल्फिन ट्रेनर? ती नोकरी आपल्याकडे नाहीच

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत व्हेल-डॉल्फिनच्या अभ्यासावर चौकट आली, विषय घेतलात म्हणून बरं वाटलं, पण नोकऱ्यांच्या यादीत पहिलंच नाव 'डॉल्फिन ट्रेनर' आणि शेजारी चेंडू उडवणाऱ्या डॉल्फिनचा फोटो! अहो, डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या पार्कना परवानगी द्यायची नाही असं केंद्र सरकारने २०१३ मध्येच राज्यांना कळवलंय. चौकट वाचून एखादं पोरगं त्या आशेवर बारावीनंतरचं ठरवायचं.

माझी मुलगी टीवायबीएस्सीला आहे, झूलॉजी, आणि तिला व्हेल-डॉल्फिनचाच अभ्यास करायचाय, त्यामुळे आमच्याकडे जेवताना पण हाच विषय. नातेवाईकांचं एकच पालुपद, नाशिकला समुद्र कुठाय, गोदावरीत डॉल्फिन आहेत का? नाहीत, कबूल. (गंगेकडे आहेत बरं का, देशातल्या नदी-डॉल्फिनच्या पहिल्या मोठ्या मोजणीचा आकडा २०२५ मध्ये आला, ६,३२७.) एका काउन्सेलरने तर फी घेऊन वर सांगितलं की याला स्कोप नाही, बीएड करा.

म्हणून आम्ही शोधून काढलेलं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बारावीनंतर फक्त व्हेल-डॉल्फिन असा डिग्री कोर्स शोधत बसू नका. आधी झूलॉजी करा, किंवा रत्नागिरीला शिरगावचं फिशरीज कॉलेज, किंवा व्हेटर्नरी. खरी वाट एमएस्सीपासून फुटते, डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्डलाइफ सायन्स, बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) वाइल्डलाइफ बायोलॉजी, नाहीतर गोव्याला मरीन सायन्स किंवा कोचीला मरीन बायोलॉजी. खास मरीन मॅमल्सच (समुद्रातले सस्तन प्राणी) हवं तर स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला मास्टर्स आहे, पण तिकडच्या फीचं बोलायलाच नको. आपल्याकडे जागा मोजक्या, एन्ट्रन्स अवघड आणि नोकरी बहुतेक प्रोजेक्ट संपेपर्यंतची, हेही पुरवणीत यायला हवं होतं.

आणि काम काय असतं ते तर कुणी सांगतच नाही. मागच्या सुट्टीत मुलगी मालवणला डॉल्फिनच्या कामात सीनियर्सच्या मदतीला गेली होती, तिथून फोटोंची हार्ड डिस्क घेऊन आली. मी हौसेने बघायला बसले तर फोटोमागून फोटो नुसतं पाणी, मध्येच एखादा पाठीवरचा पंख, तोही अर्धा. त्या पंखाच्या कडेला खाचा असतात, जाळ्याने कापलेल्या, दुसऱ्या डॉल्फिनने चावलेल्या, त्यावरून कोण कोण ते ओळखायचं, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, आणि फोटो जरा हलला की बाद. मला दोन सारखेच वाटले तर म्हणे, आई, तो ओरखडा आहे, खाच नाही, ओरखडा भरून येतो. प्राणी श्वास घ्यायला काही सेकंद वर येतो, बाकी वेळ खालीच, मग न दिसलेले किती हे काढायला स्टॅटिस्टिक्स लागतं, तिचं निम्मं टेन्शन त्याचंच आहे. पण दुर्बीण, वही आणि मोजणीची सवय नाशिकमध्येही लागते की, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला ही पोरं जातातच.

दुसरं काम मेलेल्या प्राण्यांचं. २०१५ मध्ये रेवदंड्याला ब्लू व्हेल किनाऱ्याला लागला, २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू आलं, लोकांनी दोन दिवस खटपट करून समुद्रात सोडलं तरी ते वाचलं नाही. अशा वेळी फोटो काढायला गर्दी जमते, पण पोटात काय होतं, अंगावर जाळ्याच्या खुणा आहेत का हे बघणारे शिकलेले लोक कमी. दातवाल्या जातींचा तर दात उभा कापून आतले थर मोजले की वयाचा अंदाज येतो. वास सहन होत नसेल तर या लाइनला येऊ नये, असं माझी मुलगीच सांगते.

अरबी समुद्रातल्या हंपबॅक व्हेल इतर ठिकाणच्यांसारख्या थंड समुद्राकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि शंभरही उरल्या नसाव्यात. त्यातली लुबान नावाची मादी, ओमानजवळ सॅटेलाइट टॅग (ती कुठे आहे ते उपग्रहावरून कळवणारं यंत्र) लावलेली, २०१७ च्या शेवटी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यापाशी आली. मग आपल्या बाजूला त्यांच्यावर नजर ठेवायला माणसं नकोत का? मच्छीमारांनाही यात धरायला हवं. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन सोडायला जाळं कापलं तर राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, ही बातमी मात्र क्वचितच दिसते.

तेव्हा विनंती एवढीच, चौकटीची दुरुस्ती छापा आणि पुढच्या वेळी यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या एखाद्या मुला-मुलीला लिहायला सांगा. आणि हो, 'व्हेलची उलटी (म्हणजे स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होणारं, अत्तरासाठी विकलं जाणारं अंबरग्रीस) जप्त, किंमत इतके कोटी' असे मथळे तेवढे थांबवा, त्याने नवीन गिऱ्हाईकं तयार होतात. आकड्याच्या जागी ते बाळगणं आणि विकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे ठळक टाका.

– एक आई, इंदिरानगर, नाशिक