'लोड'वरची नाराजी केवळ केसांपुरती नव्हती

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

'मेटालिका' या अमेरिकी बँडचा 'लोड' हा अल्बम ४ जून १९९६ रोजी बाजारात आला. त्याच्या तिशीच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. हेवी मेटलसारख्या रॉक संगीतप्रकाराला मराठी वृत्तपत्राने एवढी जागा द्यावी, याचा मनापासून आनंद झाला. मात्र आपल्या आवडत्या बँडने कधीच बदलू नये असा चाहत्यांचा हट्ट असतो आणि १९९६ साली उसळलेला रोष हा त्याच हट्टाचा नमुना होता, हा लेखातील निष्कर्ष मला मान्य नाही. त्या वेळी मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो, महाविद्यालयाच्या बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार वाजवत होतो आणि त्या रोषात मीही सामील होतो. म्हणून हे पत्र.

मेटालिकाच्या चाहत्यांना बदलाचेच वावडे असते, तर ते पहिल्या अल्बमपाशीच थांबले असते. १९८३चा 'किल एम ऑल' हा जवळजवळ अखंड द्रुत लयीतला, तरुण रक्ताचा अल्बम आहे. त्यानंतर वर्षभरातच आलेल्या 'राइड द लाइटनिंग'मध्ये 'फेड टू ब्लॅक' हे संथ, अकूस्टिक गिटारने उघडणारे, आत्महत्येच्या विचाराशी झुंजणारे गाणे होते. बोस्टनमध्ये बँडची वाद्यसामग्री चोरीला गेल्यानंतरच्या निराशेतून ते उतरले. 'हे पैशासाठी विकले गेले' अशी कुजबुज तेव्हाही झाली, पण बहुसंख्य श्रोत्यांनी ते गाणे उराशी धरले. १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये 'ओरायन' ही आठ मिनिटांहून मोठी, शब्दच नसलेली रचना होती. १९८८च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'चे शीर्षकगीत तर दहा मिनिटांच्या घरात जाते. पाच वर्षांत एवढे अंतर कापले गेले आणि प्रत्येक टप्प्यावर श्रोते बरोबर चालत राहिले. कारण दर वेळी रचना अधिक गुंतागुंतीची होत होती आणि श्रोत्यांकडून अधिक मागत होती.

१९९१ साली काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला तेव्हा पहिली मोठी फूट पडली. बॉब रॉक या नव्या निर्मात्याने लय खाली आणली, गाणी आटोपशीर केली आणि ड्रमचा आवाज दालनभर घुमेल असा मोठा केला. जुन्या चाहत्यांतील अनेकांनी हा बदल आजतागायत माफ केलेला नाही. पण अमेरिकेतच ज्याच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या, त्या अल्बमने आमच्या पिढीला या संगीताच्या दारात आणून उभे केले, हे मी नाकारणार नाही. माझी पहिली कॅसेट तीच होती. 'मास्टर ऑफ पपेट्स' मी त्यानंतर, उलट्या क्रमाने ऐकला. म्हणजे १९९६ साली आम्ही ज्या बदलावर तुटून पडलो, त्याच्या आधीच्या बदलामुळेच आम्ही तिथवर पोहोचलो होतो. लेखाने ही गोष्ट सांगायला हवी होती, असे वाटते.

आता 'लोड'विषयी. त्या रोषाचे दोन भाग होते आणि लेखात त्यांची सरमिसळ झाली आहे. पहिला भाग दिसण्याचा. चौघांनीही केस कापले, डोळ्यांत काजळ घातलेली छायाचित्रे पुस्तिकेत आली, टोकदार अक्षरांचे जुने बोधचिन्ह सपाट झाले आणि मुखपृष्ठावर आंद्रेस सेरानो या छायाचित्रकाराची, रक्त आणि वीर्य यांच्या मिश्रणातून साकारलेली कलाकृती आली. वसतिगृहातील माझ्या एका मित्राने कॅसेटच्या आतील कागदाची घडी उघडली, ती छायाचित्रे पाहिली आणि एकही गाणे न ऐकता ती कॅसेट मला देऊन टाकली. हा अन्याय होता. आमच्यातील बहुतेकांची मते पदपथावर मिळणाऱ्या जुन्या परदेशी मासिकांतून उसनी घेतलेली होती आणि कॅसेट हाती येण्याआधीच ती पक्की झाली होती. बँडचे गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफील्ड यांनीही पुढे मुलाखतींतून हे वेषांतर आपल्याला मनापासून पटले नव्हते, असे सांगितले. तरीही न ऐकता निकाल देणे हे चुकीचेच होते, आणि आमची तेवढी चूक मी कबूल करतो.

दुसरा भाग मात्र कानांचा होता आणि तो खोडून काढता येत नाही. मेटालिकाचा मूळ ध्वनी हेटफील्ड यांच्या उजव्या हातात आहे. सर्वसाधारण गिटारवादक वेगात वाजवताना तारेवर वर-खाली असे आलटून-पालटून आघात करतो. हेटफील्ड मात्र द्रुत लयीतही बहुतेक आघात वरून खालीच देतात. त्यामुळे प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने पडतो, जणू लोहार ऐरणीवर घाव घालतो आहे. शिवाय आधीच्या अल्बममध्ये तालाची जवळजवळ सगळी गिटार ते एकटेच वाजवून थरांवर थर चढवत असत. एकाच माणसाचा हात असल्याने ते थर केसाचेही अंतर न ठेवता एकमेकांवर बसत आणि भिंत उभी राहिल्याचा भास होई. 'लोड'मध्ये बँडचे दुसरे गिटारवादक कर्क हॅमेट यांनीही तालाची गिटार वाजवली, तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या गेल्या, लय सैलावली आणि ब्लूज या जुन्या अमेरिकी संगीतप्रकाराचा मोकळा झोका आला. दोन माणसांचे दोन हात निरनिराळे ऐकू येऊ लागले. ज्याने ती भिंत वर्षानुवर्षे कान लावून ऐकली होती, त्याला ती नाहीशी झाल्याचे पहिल्या दोन मिनिटांत समजले. हे समजण्याला हट्ट म्हणता येणार नाही. ती संगीताची जाण आहे.

याच जागी मला एक गोष्ट बेसवादक म्हणून नोंदवायची आहे, कारण ती कोणीच लिहीत नाही. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बँडच्या बसला अपघात होऊन क्लिफ बर्टन हे बेसवादक गेले आणि त्यांच्या जागी जेसन न्यूस्टेड आले. न्यूस्टेड यांचा पहिला पूर्ण अल्बम म्हणजे '...अँड जस्टिस फॉर ऑल', आणि त्याच्या ध्वनिमिश्रणात बेस इतका खाली ढकलला गेला, की तो जवळपास ऐकूच येत नाही. 'ब्लॅकन्ड' हे गाणे बसवण्यासाठी मी कितीतरी रात्री टेपरेकॉर्डरला कान लावून बसलो आहे. बेसची कळ शेवटपर्यंत फिरवायची, तीच चार आवर्तने पुन्हा पुन्हा मागे घ्यायची, फीत सैल पडली की पेन्सिलीने गुंडाळायची. तरीही गिटारच्या तळाशी एक अस्पष्ट गुरगुर एवढेच हाती लागे. शेवटी मी गिटारचेच स्वर खालच्या सप्तकात वाजवून वेळ निभावून नेली. मित्राने टाकून दिलेली 'लोड'ची कॅसेट त्याच टेपरेकॉर्डरवर लावली, तेव्हा 'अनटिल इट स्लीप्स'च्या आरंभीच बेसचा घोटीव, घसरत जाणारा सूर खोलीत स्पष्ट उमटला. कळ कुठेही फिरवावी लागली नाही. इतकी वर्षे ज्या माणसाचे वाजवणे मी शोधत होतो, तो पहिल्यांदा माझ्यासमोर बसून वाजवत होता. त्या गाण्यामागे हेटफील्ड यांच्या किशोरवयात कर्करोगाने गेलेल्या आईचे दुःख आहे, हे मला नंतर कळले आणि गाण्यातला रिकामेपणा का हवा होता, तेही उमगले. एवढे होऊनही मी मित्रांमध्ये 'लोड'ला नावे ठेवत राहिलो, याची खंत आजही वाटते.

माझे आजचे मत विचाराल, तर 'लोड' हा चांगला पण फार लांबलेला अल्बम आहे. सीडीची क्षमता संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ ७९ मिनिटे तो चालतो. जागा पुरेना म्हणून शेवटचे 'द आउटलॉ टॉर्न' हे गाणे सुमारे मिनिटभराने कापावे लागले. चौदांपैकी चार-पाच गाणी गाळली असती, तर ते अप्रतिम गाणे अखंड राहिले असते आणि 'ब्लीडिंग मी'सारखी संथपणे चढत जाणारी रचना अशा गर्दीत हरवली नसती. चाहत्यांची तक्रार या दिशेने गेली असती, तर ती अधिक न्याय्य ठरली असती.

चाहत्यांना केवळ जुनेच हवे असते, या समजाला पुढचा इतिहासही दुजोरा देत नाही. २००३च्या 'सेंट अँगर'वर टीका झाली ती गिटारचे सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडे, गायब झाल्याबद्दल आणि पत्र्याच्या डब्यासारख्या वाजणाऱ्या स्नेअर ड्रमबद्दल. २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये लांब रचना परतल्या, वेग परतला, सोलो परतले. हट्टी श्रोत्याने यावर समाधान मानायला हवे होते. पण या अल्बमचा ध्वनी इतका दाबून मोठा केला होता, की तो फाटल्यासारखा ऐकू येत होता. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये अधिक मोकळी वाजतात, हे चाहत्यांनीच ताडले आणि अल्बमचे मिश्रण नव्याने करावे, अशी मागणी केली. मनासारखी शैली परत मिळाल्यावरही ज्यांच्या कानांना दाबलेला आवाज खुपला, त्यांना बदलाचे शत्रू कसे म्हणावे?

३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिकाचा कार्यक्रम झाला, तेव्हा आम्ही पाच जण पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो. न ऐकता कॅसेट देऊन टाकणारा तो मित्रही बरोबर होता. 'नथिंग एल्स मॅटर्स' सुरू झाले आणि सबंध मैदान गाऊ लागले. १९९१ साली प्रेमगीत म्हणून ज्याची हेटाळणी झाली, ते हे गाणे. माझा मित्र डोळे मिटून, शब्दन् शब्द म्हणत होता.

एक तथ्यात्मक दुरुस्तीही सुचवतो. चाहत्यांच्या रोषामुळे 'लोड' बाजारात आपटला, असे लेखात म्हटले आहे. ते बरोबर नाही. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ६ लाख ८० हजार प्रती खपल्या आणि तो विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. रागावलेल्यांनीही तो विकत घेतला आणि पुन्हा पुन्हा ऐकला, म्हणूनच त्यांची तक्रार इतकी तपशीलवार होती. लेखकांनी या विषयावर पुन्हा लिहावे आणि त्या वेळी न्यूस्टेड यांच्या बेसकडे आवर्जून लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे