दफ्तर देतो, पावती तेवढी द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात जुन्या वाड्यांचे फोटो अधूनमधून येतात, छान असतात, पण वाडा पाडताना आतले कागद कुठे जातात यावर कोणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मागच्या उन्हाळ्यात मामांचं धाब्याचं घर पाडलं. मी पोचेपर्यंत दफ्तराचे, म्हणजे घरातल्या जुन्या कागदपत्रांचे, निम्मे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) रद्दीवाल्याकडे गेलेले, किलोच्या भावाने. दोन माझ्या हाती लागले. लाल कापड पार विरलेलं, आत मोडीतले (मराठी लिहायची जुनी, जोडून लिहायची लिपी) कागद, वर श्री, मग आधी ओढून घेतलेली लांब रेघ आणि तिला लोंबकळणारी अक्षरं, एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला काही कळत नाही. ओळखीच्या एका रिटायर्ड सरांनी दोन संध्याकाळी खपून एक कागद लावून दिला. निघालं काय, तर विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या! कोणी किती दिवस मोट हाकायची आणि पाळी चुकली तर काय करायचं. मामी म्हणाली, अरे ही भांडणं तर अजून चालूच आहेत.

एक रुमाल घेऊन मी एका संस्थेत गेलो (नाव घेत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत, पण दोनच आहेत). म्हणाले ठेवा त्या टेबलावर. पावती मागितली तर पावतीपुस्तकच नाही. यादीत कधी चढेल, वाचणार कोण, काही नाही. ठेवून आलो खरा, पण जीव तिथेच अडकलाय.

आणि हे आपल्या धुळ्याच्या मुलखात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे कागद मागत हिंडले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ ला काढला, पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. शेवटी ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि इथल्या लोकांनी शोकसभेवर न थांबता जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ काढलं. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडं (समर्थ रामदासांच्या परंपरेतली जुनी हस्तलिखितं) आहेत, तीही आपल्याच शहरात. बाहेरगावचे अभ्यासक ती बघायला येतात, आणि आपल्या पोरांची शाळेची ट्रिप मात्र वॉटरपार्कला, जाऊ द्या.

मोडी वाचणारे नाहीतच असंही नाही हो. २०२३ ला मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा सगळ्यांना एकदम मोडी वाचणाऱ्यांची आठवण झाली, जुनी रजिस्टरं उघडली, सर्टिफिकेटं निघाली. म्हणजे कामाला पैसा आणि माणूस दोन्ही मिळू शकतं, फक्त त्यात कोणाचा तरी दाखला अडकलेला पाहिजे. विहिरीच्या पाळीने कोणाला दाखला मिळणार?

स्कॅनिंग करा म्हणणारे खूप भेटतात. करा ना, पण न वाचलेला कागद स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये टाकला तर तो माळ्यावरून पेनड्राइव्हमध्ये गेला, बाकी काय झालं? आधी देणाऱ्याला पावती, मग गाव आणि घराण्याच्या नावाने यादी, आणि आठवड्यातून एक दिवस का होईना पगारी मोडी वाचक, एवढं जिल्ह्याच्या पातळीवर कोणी सुरू केलं तरी लोक आपणहून रुमाल आणून देतील.

दुसरा रुमाल अजून माझ्या कपाटात आहे, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलाय. पावती देणारं कोणी असेल तर तुमच्या पेपरात छापा, मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, धुळे