‘कॅज्युअल’ खेळ संगणकाला हलका असतोच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेती, घर किंवा शहर वसवण्याचे सिम्युलेशन खेळ ‘कॅज्युअल’ म्हणून विकले जातात, आणि मग ते कुठल्याही संगणकावर चालतील असा समज होतो. हे विशेषण खेळणाऱ्यासाठी आहे, यंत्रासाठी नव्हे. ‘स्टारड्यू व्हॅली’चे २ जीबी रॅमवर भागते, ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ किमान ८ जीबी मागतो आणि १६ सुचवतो. खेळायला दोन्ही निवांतच!

विकत घेण्याआधी विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून डी-एक्स-डी-आय-ए-जी ही सहा अक्षरे टाइप करावीत. पहिल्याच पानावर प्रोसेसर आणि रॅम दिसते. तिथे ‘डायरेक्टएक्स १२’ (खेळांची चित्रे पडद्यावर आणणारी विंडोजमधली यंत्रणा) वाचून निश्चिंत होऊ नये, कारण तो आकडा विंडोजचा आहे. ग्राफिक्स कार्डाची कुवत ‘डिस्प्ले’ टॅबमधल्या ‘फीचर लेव्हल्स’ या ओळीत असते. खेळाला ‘११_०’ ही पातळी हवी असेल आणि त्या ओळीत ती नसेल, तर रॅम कितीही असो, खेळ उघडणारच नाही.

नावांवरही जाऊ नये. प्रोसेसर ‘आय५’ आहे म्हटल्याने काहीच ठरत नाही. आय५-२४१०एम हा २.३ गिगाहर्ट्झचा (ठोक्यांचा वेग), दोन कोरचा (कोर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग). आय५-८२५०यू कागदोपत्री १.६ गिगाहर्ट्झचा, पण चार कोरचा आणि सहा पिढ्या पुढचा. वेगवान दुसराच. ग्राफिक्समध्ये तर जीटी १०३० हे कार्ड जीटीएक्स ९७० च्या नंतर आले, तरी त्याहून बरेच कमजोर आहे.

वेगळे कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स रॅममधूनच उसनवारी करते. अशा ठिकाणी ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण रॅमकडे जाणारे मार्ग दोन होतात. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये रॅमच्या पट्ट्यांचे किती स्लॉट (खाचा) भरले आहेत ते दिसते.

खरी फसगत पुढे होते. पहिले दोन तास सारे सुरळीत चालते. वस्ती हजारोंच्या घरात गेली की रहिवाशांचे आणि गाड्यांचे मार्ग प्रोसेसरला सतत काढावे लागतात आणि खेळ रखडतो. दोष कुणाचा, हे ओळखायला रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० करून पाहावे. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. वेग वाढला तर ग्राफिक्स अपुरे आहे. जराही फरक पडला नाही तर बहुधा प्रोसेसर दमला आहे, आणि मग सावल्या-झाडे कमी करून उपयोग नाही, गावच लहान ठेवावे लागते. (ही चाचणी लॅपटॉप चार्जरला लावूनच करावी, बॅटरीवर तो वेग आवरता घेतो.)

‘स्टीम’ या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास रिकाम्या जमिनीवर घालवू नयेत. ‘सिटीज: स्कायलाइन्स’च्या पहिल्या भागासाठी इतरांनी बांधलेली मोठी शहरे स्टीमच्या ‘वर्कशॉप’ या विभागात मिळतात, त्यातले एक सरळ उघडून पाहावे.

आपल्या अंकात अशा खेळाचे परीक्षण येईल तेव्हा तो कोणत्या प्रोसेसरवर आणि किती लोकवस्तीपर्यंत खेळून पाहिला, एवढी एक ओळ छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक