अमेरिकेतल्या एडिसन गावच्या ताईंना, सांगलीहून मनापासून आभार

ताई, फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्यासारखे छोटे मसालेवाले अजून खूप आहेत, त्यांनाही कळू दे तुम्ही नक्की काय केलंत ते.

हळद, कांदा-लसूण मसाला, मेतकूट अमेरिकेत पाठवायचं तर नुसतं आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), एफएसएसएआय (आपल्याकडचा अन्न परवाना) आणि स्पायसेस बोर्डाचं रजिस्ट्रेशन असून भागत नाही, तिकडच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे, आपल्या युनिटची नोंदणी लागते आणि त्यात अमेरिकेतच राहणारा किंवा तिथे ऑफिस असलेला यूएस एजंट, म्हणजे एफडीएशी आपल्या वतीने बोलणारा माणूस, दाखवावा लागतो, नुसता पोस्टबॉक्स चालत नाही. ऑनलाइन सापडलेल्या एका एजन्सीने जी रक्कम सांगितली ती ऐकून आमच्या कांडपावरच्या बायका गप्पच झाल्या, वर म्हणे एफडीएचं सर्टिफिकेट पण देतो! तुम्ही सांगितलंत की नोंदणीला एफडीए एक पैसा घेत नाही आणि सर्टिफिकेट असं काही देतही नाही, फक्त नंबर मिळतो. आणि एजंट म्हणून स्वतःचंच नाव दिलंत.

पण सगळ्यात जास्त आभार त्या अधिकारपत्राचे, म्हणजे एजंटला आमच्या वतीने काय काय करता येईल ते लिहिलेल्या कागदाचे. एजन्सीच्या मसुद्यात आमच्या वतीने करार करणं, पैसे घेणं, ब्रँडचं नाव तिकडे रजिस्टर करणं, सगळंच होतं आणि मुदत कुठेच नव्हती. तोच कागद घेऊन तुम्ही एकेक ओळ खोडत गेलात, म्हणजे स्वतःला मिळणारे अधिकार स्वतःच कमी करत गेलात. शेवटी राहिलं एवढंच की एफडीएशी पत्रव्यवहार तुम्ही बघायचा, मुदत नोंदणीपुरती, आणि आम्ही कधीही लेखी कळवून हा अधिकार काढून घेऊ शकतो. विक्री, दर, आयातदाराशी बोलणी सगळी आमच्याकडे. आयातदाराची एफएसव्हीपीची, म्हणजे परदेशातून घेतलेला माल सुरक्षित आहे ना हे तपासायची, जबाबदारी वेगळी असते हेही तुम्हीच समजावलंत, तुमच्याकडे रात्र झालेली असताना.

आणि यात जोखीम तुमचीच जास्त आहे हो. एजंट जे बोलेल ते आम्हीच बोललो असं एफडीए धरतं, आणि उद्या तपासणीत काही खोट निघून पुन्हा तपासणी करावी लागली तर 2011 च्या तिकडच्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे त्याची फी यूएस एजंटच्या नावावर लागते. हे सगळं माहीत असून एजंट व्हायला तयार आहात का असं विचारणाऱ्या एफडीएच्या ईमेलला तुम्ही होकार दिलात. म्हणून आम्हीही लिहून दिलंय, तुम्ही नको नको म्हणत होतात तरी, की तशी फी लागली तर आम्ही भरणार, आणि हळदीच्या प्रत्येक लॉटमध्ये शिसं (लेड) तपासल्याचा लॅब रिपोर्ट माल निघायच्या आधी तुमच्याकडे येणार.

नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रिन्यू करावी लागते, म्हणजे 2026 मध्ये परत तुमचंच नाव टाकणार आहोत. यावेळी तुम्ही काहीच घेतलं नाहीत, तेव्हा मात्र फी घ्यायचीच ताई, आम्ही सगळ्याजणींनी ती आत्ताच हिशेबात धरून ठेवलीये.