एसीचा खर्च आणि तुमचं तिकीट

एडमंटन, कॅनडा,
१९ एप्रिल

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, तुम्ही "बर्फाच्या देशात एसी? पावणेचार लाखांचा?" एवढंच म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. आई, तू हळूच म्हणालीस, "आमच्यापायी एवढा खर्च नको गं, आम्ही पुढच्या वर्षी येऊ." तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. फोनवर मला भरून येतं आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

जानेवारीत इथे उणे तीस असतं, हे तुम्ही व्हिडिओवर पाहिलंय. त्या थंडीसाठीच ही घरं बांधलेली आहेत. भिंतींत साडेपाच इंच जाडीचं फायबरग्लास ठासलेलं, त्यावर हवा जाऊ नये म्हणून प्लास्टिकचं अस्तर, खिडक्यांना तीन-तीन काचा. आत आलेली ऊब बाहेर जाऊच नये, अशी सगळी व्यवस्था. उन्हाळ्यात तीच अंगावर येते. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो, आणि तुमच्यासाठी ठेवलेली वरची खोली नेमकी पश्चिमेची. जेवणं आटोपून वर जावं तर भिंतीला हात लावला तरी गरम. आपल्या अकोल्याच्या जुन्या घरात पहाटे तरी भिंती निवायच्या, गच्चीवर पाणी मारलं की झोप लागायची. इथे गच्चीच नाही.

२०२१च्या जूनअखेरीस जी उष्णतेची लाट आली, तेव्हा रात्री अकरा वाजता त्या खोलीत ३२ अंश होते. आम्ही गाद्या उचलून तळघरात नेल्या आणि पाच रात्री तिथेच काढल्या. आम्हाला ते जमलं. पण तळघराचा जिना अरुंद आणि उभा आहे, आणि खाली संडास नाही. आई, तुझ्या गुडघ्यांनी रात्रीतून दोनदा तो जिना चढायचा, हे मला नुसतं डोळ्यांसमोर आणवत नाही.

त्याच लाटेत शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लिटन नावाच्या गावी २९ जूनला ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. अकोल्यात वाढले, पण असा आकडा मी कधी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात जळालं. त्या एका प्रांतात उष्म्यानं ६१९ माणसं गेली, आणि त्यांतली जवळपास सगळी घरात गेली. उन्हात काम करताना नाही हो बाबा, स्वतःच्या घरात. बहुतेक सत्तरीच्या आसपासची किंवा पुढची. घरात गारव्याची सोय नव्हती, कारण आपल्याकडे थंडी असते, एसी कशाला, असंच सगळे म्हणत आले होते. बाबा, तुम्ही बहात्तर वर्षांचे आहात, अँजिओप्लास्टीला अजून दीड वर्ष झालेलं नाही, आणि तुमच्या गोळ्यांतली एक लघवी वाढवणारी आहे. हे मी विसरू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, तिकडची हवा कोरडी, मग कूलर का नाही? बाबा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, इथल्या हवेत कूलर छान चालला असता. मलाही वाळ्याच्या ताट्यांचा वास हवाहवासा वाटतो. पण कूलरला खिडकी उघडी लागते, आणि इथे अडतं ते नेमकं तिथेच. २०२३च्या उन्हाळ्यात आमच्या आल्बर्टा प्रांतात जंगलं पेटली, तेव्हा दुपारी चारला दिवे लावावे लागले होते. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. इथे हवेचा आरोग्य-निर्देशांक १ ते १० असतो, त्या दिवसांत तो दहाच्याही वर गेला होता. मी ओला टॉवेल पिळून दाराच्या फटीला लावायचे आणि संध्याकाळी तो राखाडी झालेला असायचा. २०२४च्या जुलैत तर इथल्याच जॅस्पर गावाचा मोठा भाग वणव्यात जळाला. एरवी इथल्या रात्री गार असतात, खिडकी उघडली की काम भागतं. पण उकाडा आणि धूर एकदम आले की उघडायचं काय आणि मिटायचं काय? घर बंद ठेवूनच गार करता आलं पाहिजे. एसीचं कारण एवढंच आहे.

आता खर्चाचं. खिडकीत बसवायचा एसी इथे चालत नाही, कारण आमच्या खिडक्या दांडा फिरवून बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या आहेत. चाकांवरचा, पाइपवाला एसी सहाशे डॉलरना मिळतो. आधी तोच घेणार होते. पण तो एकाच पाइपानं खोलीतली हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा फटीफटींतून आत ओढली जाते. म्हणजे धुराच्या दिवशी आपणच पैसे देऊन घरात धूर घ्यायचा.

म्हणून तिघांकडून दर मागवले. एकानं सांगितलं की आधी भट्टी, म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवणारं गॅसचं यंत्र, बदला, मगच एसी, आणि चौदा हजार डॉलरचा आकडा लिहून दिला. भट्टी अवघ्या आठ वर्षांची आहे आणि एका हिवाळ्यातही बिघडलेली नाही. घरात बाई एकटी दिसली म्हणून असं सांगितलं असेल का, या विचारानं दोन दिवस मनस्ताप झाला. दुसऱ्यानं हीट पंप सुचवला. तो एसीच, पण हिवाळ्यात उलटा चालून बाहेरच्या थंड हवेतून उष्णता आत आणतो. मला तो मनापासून आवडला. पण कडाक्याच्या थंडीत भट्टी लागतेच, गॅस इथे विजेच्या मानानं स्वस्त, आणि किंमत दुप्पट. भट्टी थकेल तेव्हा तोच घेऊ.

तिसऱ्याचा दर ५,८५० डॉलर, वर ५ टक्के कर, म्हणजे ६,१४२. आजच्या भावानं पावणेचार लाख. अकोल्यात दीड टनाचा एसी चाळीस-पंचेचाळीस हजारांत बसवूनसुद्धा होतो, म्हणून तुम्हाला धक्का बसला, ते मी समजू शकते. पण हा एका खोलीचा नाही. तळघरातल्या भट्टीच्या डोक्यावर पत्रा कापून गार करणारी कॉइल बसवतात, तांब्याच्या नळ्या भिंतीतून बाहेरच्या यंत्रापर्यंत नेतात, आणि हिवाळ्यात ज्या वाटेनं ऊब येते त्याच वाटेनं सगळ्या घरात गारवा येतो. तीच हवा फिल्टरमधून फिरत राहते, बाहेरची आत येत नाही. हे काम परवानाधारक माणसानंच करायचं असतं, विजेच्या जोडणीचा परवाना वेगळा. कागदावर यंत्राची किंमत निम्म्याहून कमी आहे, बाकी सगळी मजुरी. इथे माणसाच्या तासाला मोल आहे, आणि ते मला वावगं वाटत नाही.

बाबा, यंत्र दोन टनांचं आहे. त्या माणसाला मी विचारलं, टन म्हणजे काय? तो म्हणाला, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल तेवढी. मला तुमचा नववीचा वर्ग आठवला, फळ्यावर 'अप्रकट उष्मा' लिहून अधोरेखित केलेला. रात्री बसून आकडेमोड केली. त्यांचा टन ९०७ किलोचा, ग्रॅमला ८० कॅलरी. एका टनाचं उत्तर साडेतीन किलोवॉटच्या आसपास आलं, म्हणजे दोन टनांचे सात. यंत्राच्या कागदावरही तेच आहे. तुम्ही एकदा तपासून पाहा. वीज दिवसाला तीन डॉलरच्या आसपास जाईल, तीही गरज पडेल त्याच दिवशी, आणि असे दिवस वर्षात फार तर चाळीस.

राहता राहिली तुम्ही न बोललेली गोष्ट. आजोबा आत्याकडे गेले की पाण्याचा पेलाही ओठाला लावत नसत, हे तुम्हीच सांगितलंय. तुम्ही तसे नाही, तरी मुलीच्या घरचा खर्च म्हटला की तुमचा जीव कसानुसा होतो, हे मला तुमच्या आवाजात कळतं. हे पैसे मी दोन वर्षं पगारातून बाजूला टाकले आहेत. कर्ज नाही. ज्या गणितावर ही नोकरी मिळाली ते तुम्ही शिकवलंत, शिकवणीचे पैसे भरायला आईनं पाटल्या मोडल्या. तुम्ही महिनाभर गार खोलीत झोपावं, एवढं मला करू द्या.

बाहेर अजून कुंपणाकडेला बर्फाचे ढीग आहेत. इतक्या थंडीत एसी चालवून तपासता येत नाही, आणि जुलैत सांगितलं तर आठवडेच्या आठवडे कोणी येत नाही. म्हणून १४ मेचा दिवस घेऊन आगाऊ रक्कम भरली आहे. तुमचं तिकीट २८ जूनचं आहे. ते रद्द करू नका.

आई, लोणच्याच्या बरण्या सामानात नको, फुटतील. बाबांच्या गोळ्या मात्र तीन महिन्यांच्या घे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेव.

तुमची,
मनू