मातीच्या उशांवरील चित्रकला

महोदय,

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहातली चिनी भांडी मुंबईकर कौतुकाने पाहतात, परंतु सोंग राजघराण्याच्या काळात (इ.स. 960 ते 1279) उत्तर चीनमधील त्सिचौ भट्ट्यांत सामान्यांसाठी घडवलेल्या मातीच्या पोकळ उशा आपल्याकडे फारशा कुणाला ठाऊक नाहीत. भरड मातीवर पांढरा लेप देऊन त्यावर लोहयुक्त काळ्या रंगाने गळ टाकून बसलेले मूल, बांबू किंवा चक्क कविता रेखाटायची आणि वर पारदर्शक झिलई चढवायची, ही तिथली रीत. भाजताना आतली हवा तापून उशी फुटू नये म्हणून ठेवलेले बारीक छिद्र आणि काहींच्या तळाशी उमटवलेला चांग या कुंभार घराण्याचा शिक्का मला दरबारी नक्षीपेक्षा मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात डोक्याला गारवा देणाऱ्या या उशांवर संग्रहालयाने सचित्र मराठी व्याख्यान ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दादर, मुंबई