क्लिनिक सोडण्याआधी

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या सत्रात नागरी हक्कांचं क्लिनिक, म्हणजे विद्यार्थ्यांनी खऱ्या अशिलांची प्रकरणं हाताळायचा तुमच्या विधी महाविद्यालयातला वर्ग, सोडून अपिलातल्या युक्तिवादाचा विषय घ्यायचं तुझ्या मनात आहे. निर्णय तुझाच. पण ‘क्लिनिकमध्ये कायदा कुठे असतो बाबा, नुसतं लोकांचं ऐकायचं आणि कागद गोळा करायचे’ हे तुझं वाक्य खटकलं, म्हणून लिहितोय.

अमेरिकेतला कृष्णवर्णीय वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, त्याचं नाव तुला माहीत असेलच. १९२९ मध्ये त्यानं वॉशिंग्टनमधल्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची धुरा घेतली, तेव्हा तिथे मुख्यतः दिवसभर नोकरी करून येणाऱ्यांचे रात्रीचे वर्ग चालत. ते त्यानं बंद केले, अभ्यासक्रम कडक केला आणि १९३१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळवली. माजी विद्यार्थी चिडले, आणि मला तरी त्यांचा राग समजतो. पण ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ या नामांकित कायदेविषयक नियतकालिकाचा पहिला कृष्णवर्णीय संपादक झालेला हा पंडित कॅमेरा घेऊन साउथ कॅरोलायनात गेला आणि तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या मोडक्या शाळांचं त्यानं चित्रीकरण केलं. अन्याय होतोय एवढं म्हणून न्यायाधीश हलत नाही. खोल्या किती, शिक्षक किती, कुणाला पगार किती, हे त्याच्यापुढे ठेवावं लागतं. ह्यूस्टनचा विद्यार्थी थर्गूड मार्शल हे त्याच्याबरोबर दक्षिणेत फिरताना शिकला. १९३५ मध्ये दोघांनी मेरीलँडमध्ये खटला जिंकून तिथल्या सरकारी विधी महाविद्यालयाचं दार एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला उघडून दिलं आणि १९३६ मध्ये राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयानं तो निकाल कायम केला. तेव्हाचा डाव असा, की १८९६ पासूनचं ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व (सोयी समान असतील तर कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं) शब्दशः पाळायला लावायचं. खरोखरची समानता राज्यांना परवडणारी नव्हतीच.

पुढे त्याच हॉवर्डमध्ये पॉली मरे आली, वर्गात एकटी मुलगी. समानतेचा हिशेब सोडा, ‘वेगळं’ ठेवण्यावरच घाव घाला, असं ती म्हणाली आणि वर्ग हसला. हे तत्त्व पंचवीस वर्षांत कोसळेल म्हणून तिनं प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सनशी १० डॉलरची पैज लावली. १९४४ मध्ये ती वर्गात पहिली आली आणि दहाच वर्षांत, १९५४ मध्ये, ब्राउन खटल्याचा निकाल लागला: सरकारी शाळांत वर्णानुसार मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य ठरलं. त्या खटल्याच्या तयारीत रॉबिन्सननं तिचा जुना निबंध शोधून काढला होता, म्हणजे हसणाऱ्यांनीही तो फेकून दिला नव्हता!

मला खरं तर त्यानंतरचं सांगायचंय. निकाल लागले, १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, आणि वकिलाचं काम अवघड झालं ते तिथून. शाळांमधला वर्णभेद मोडण्याचे शेकडो खटले हाताळलेल्या डेरिक बेलनं १९७६ मध्ये येल लॉ जर्नलमध्ये आपल्याच माणसांना नको असलेला प्रश्न विचारला. मुलांना एकत्र बसवणं हे वकिलांचं ध्येय, पण अनेक आईबापांना आधी चांगली शाळा हवी होती. मग वकील नेमका कुणाचा?

दुसरं उदाहरण पैशाचं. नागरी हक्कांच्या खटल्यांत जिंकलेल्या पक्षाच्या वकिलाची फी हरलेल्यानं द्यावी, अशी सोय १९७६ च्याच कायद्यानं झाली. मग प्रतिवादी हुशार झाले: अशिलाला हवं ते सगळं देतो, फक्त फीवर पाणी सोडा. आयडाहोतल्या अपंग मुलांच्या खटल्यात हेच घडलं आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी तडजोड चालते असं ठरवलं. अशिलाचं भलं होतंय तर वकील नाही कसं म्हणणार? आणि फी बुडत राहिली तर पुढचा खटला कुठल्या पैशावर लढणार? हे तू परीक्षेत लिहिशील, चांगले गुणही मिळवशील. पण समोर माणूस बसलेला असताना त्याला हे समजावून सांगणं आणि मग तो म्हणेल ते ऐकणं, हे युक्तिवादाच्या वर्गात कोण शिकवणार? तिथे अशील कागदावरचा. तो मध्येच रडत नाही, मत बदलत नाही, महत्त्वाचा कागद घरी विसरत नाही.

तुला वाटेल, बाबा क्लिनिकची जाहिरात करतोय. तसं नाही. तिथला एखादा मार्गदर्शक नुसते अर्ज भरायला लावत असेल तर त्याला स्पष्ट सांग, की मला पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत एक तरी प्रकरण हवं.

युक्तिवादाचा विषय त्याच्या पुढच्या सत्रातही घेता येईल. तू ज्या बाईंबद्दल बोललीस (नाव सांगितलं नाहीस ते बरं केलंस), त्यांची सुनावणी मात्र मार्चमध्ये आहे. तू बाहेर पडलीस तर त्यांना सगळं पहिल्यापासून नव्या मुलापुढे सांगावं लागेल. निदान त्यांना विचारून मग काय ते ठरव.

तुझा,
बाबा